डोक्यावरचं गाव

माझ्या भावजयीचा मला हेवा वाटतो. तिच्या हाताला चव आहे, तिला चारचौघांत पटकन बोलता येतं, माझी आई मला सांगत नाही त्या गोष्टी तिला सांगते. या सगळ्याचा हेवा पूर्वीपासून होता आणि त्याची सवयही झाली होती. पण हे जे सांगते आहे ते वेगळं आहे. तिनं एका संध्याकाळी, मुलीची वेणी घालता घालता, आमच्या घराला एक पणजी दिली. आणि तीच पणजी शोधण्यात माझी उमेदीची वर्षं गेली होती.

आम्ही धायरीत राहतो. एकाच इमारतीत खाली आई आणि मी, वर भाऊ, भावजय आणि त्यांची मुलगी. मी कोथरूडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवते. भावजय स्वारगेटजवळच्या एका दुचाकीच्या शोरूममध्ये ग्राहकांशी बोलायला बसते. चिडलेला माणूस तिच्या टेबलापाशी येतो आणि हसत परत जातो, असं भाऊ कौतुकानं सांगतो. माझ्या वर्गातून मुलं कशी बाहेर पडतात हे त्यानं कधी विचारलेलं नाही.

आमच्या आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हा वडील लहान होते. आजोबांनी घरातले देवांचे टाक एका पोत्यात घातले आणि नदीत सोडून आले. वडील बरोबर गेले होते. ते सरकारी कचेरीत नोकरीला लागले, वरच्या जागेवरून निवृत्त झाले, आणि आयुष्यभर एकच शब्द वापरत राहिले : पुरावा. कुणी म्हणालं की अमक्याच्या अंगात येतं, तर वडील शांतपणे विचारायचे, "पुरावा काय?" भुतं, नवस, शकुन-अपशकुन आमच्या उंबऱ्याच्या आत कधी आले नाहीत. त्यांच्यामागोमाग गोष्टीही बाहेरच राहिल्या. शेजारच्या मुलींना त्यांच्या आज्या बोलणाऱ्या प्राण्यांच्या गोष्टी सांगायच्या, तेव्हा वडील आम्हाला टॉर्च आणि मोसंबं घेऊन ग्रहण कसं लागतं ते दाखवायचे. मला त्याचा अभिमान होता. अजूनही आहे.

मी इतिहासाकडे वळले ती त्या शब्दामुळेच. आणि इतिहास शिकता शिकता साहजिकच वाटायला लागलं की आपले लोक कुठून आले, ते शोधावं. आजोबांपर्यंत सगळं लख्ख होतं. त्यांच्या मागे धुकं. मी कचेऱ्यांमध्ये गेले. तिथे गावागावांच्या जमिनींची कागदपत्रं होती, आणि आमच्या नावावर जमीन कधीच नव्हती. मी नात्यातल्या म्हाताऱ्या बायकांपुढे बसले, फोनवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड केलं. बरंचसं रेकॉर्डिंग पंख्याच्या घरघरीचं आणि "मला काय म्हाईत बाई" या वाक्याचं आहे. हाती आलं ते एवढं, की आजोबांची आई, म्हणजे माझी पणजी, नवरा गेल्यावर पोरांना घेऊन पुरंदरच्या पलीकडच्या कुठल्याशा गावातून पायी पुण्याला आली आणि रस्त्याच्या कामावर खडी फोडायला लागली. तिचं नाव कुणालाच माहीत नव्हतं. सगळे तिला म्हातारी म्हणायचे. ती तरुण असताना तिला काय म्हणायचे, हे सांगायला कुणी उरलं नव्हतं.

यावर मी एक लेख लिहिला. तो आमच्या कॉलेजच्या वार्षिक अंकात आला. ग्रंथपाल मॅडमनी वाचला असं त्या म्हणाल्या.

मग भाचीच्या शाळेनं पूर्वज दिन ठरवला. प्रत्येक मुलानं आपल्या एखाद्या पूर्वजाचा वेश करून यायचं आणि त्याच्याविषयी थोडं बोलायचं. भाची तिसरीत होती. शाळेच्या बसमधून उतरली ती वर घरी न जाता सरळ माझ्याकडे आली, कारण घरात इतिहास माझ्याकडे असतो हे तिला माहीत होतं.

"आत्या, आपलं कोण होतं?"

मला खरं सांगायचं तर फार आनंद झाला. या प्रश्नाची मी किती वाट पाहिली होती. मी तिला समोर बसवलं आणि वडिलांनी मला जसं सांगितलं असतं तसं, काही न लपवता सांगितलं. आपली पणजी पायी आली. तिनं खडी फोडली. तिचं नाव आपल्याला माहीत नाही. ज्यांच्या हातात लिहिणं होतं त्यांनी आपल्याबद्दल लिहिलं नाही.

"मग ती काय करायची?"

"खडी फोडायची."

"आणि?"

"आणि काय ते माहीत नाही ना. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणायचं."

ती थोडा वेळ बुटाची नाडी ओढत राहिली. "माझ्या बाकावरच्या मुलीचे खापरपणजोबा सरदार होते. ती फेटा बांधून येणारे. तिच्या पुढच्या मुलाचे आजोबा अत्तर करायचे, तो सगळ्यांच्या हाताला अत्तर लावणारे." मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे आपलं कोणीच नव्हतं?"

मी म्हणाले, असं नाही, आपलीही माणसं होती, फक्त नोंद नाही. नोंद म्हणजे काय हे तिला समजावू लागले. ती रडायला लागली आणि वर निघून गेली. मी जिन्याखाली उभी राहून ऐकत होते. वरचं दार उघडलं, रडणं आत गेलं, आणि थोड्या वेळानं थांबलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाची धावत खाली आली. तिची वेणी घट्ट होती आणि डोळे चमकत होते.

"आत्या, तू सांगितलंच नाहीस! खापरपणजीच्या डोक्यावर जातं होतं!"

"कुठलं जातं?"

आणि मग त्या आठ वर्षांच्या मुलीनं मला माझ्या पणजीची गोष्ट सांगितली. पणजी गावातून निघाली तेव्हा तिनं घरातलं दुसरं काहीच घेतलं नाही, फक्त जात्याचा खालचा दगड उचलून डोक्यावर घेतला. एक मूल कडेवर, एक हाताशी, आणि डोक्यावर दगड. वाटेतले लोक हसले. म्हणाले, बाई, पुण्यात दगडांना काय तोटा आहे? पणजी म्हणाली, हा दगड जिथं खाली ठेवीन ते माझं गाव. मग ती एका गावाबाहेर थांबली, तर लोक म्हणाले, इथं नको. ती पुढे गेली. दुसऱ्या गावातले म्हणाले, इथंही नको, आणखी पुढे. अशी ती चालत राहिली, पण दगड तिनं खाली ठेवला नाही. पोरं रडली तरी नाही. घाट उतरली, पुण्याच्या कडेला आली, तिथे एक मोकळी जागा दिसली. कुणी काही बोलायच्या आत तिनं दगड खाली ठेवला. लोक धावत आले, हे उचल म्हणाले. ती म्हणाली, तुम्हीच उचला. दहा माणसं लागली, दगड हलला नाही.

"आणि मग?" मी विचारलं. माझ्याही नकळत विचारलं.

"मग ते आपलं गाव झालं," भाची म्हणाली. तिच्या आवाजात असं काही होतं की जणू यात विचारायचं काय.

ती गेल्यावर मी चहा टाकला आणि तो उतू गेला. मला राग आला होता, पण रागाखाली दुसरं काहीतरी होतं आणि ते काय हे मला लगेच कळलं. गोष्ट चांगली होती. मला सुचली नव्हती. इतक्या वर्षांत त्या बाईचा विचार मी रोज केला होता आणि एकदाही मला तिच्या डोक्यावर काही दिसलं नव्हतं.

संध्याकाळी मी वर गेले. भावजय कोथिंबीर निवडत होती.

"हे जात्याचं तू कुठून आणलंस?"

"बनवलं," ती म्हणाली. तिनं मान खाली घातली नाही की सारवासारव केली नाही. "पोरगी रडत होती, ताई. वेणी घालत होते, तोंडाला येईल ते सांगत गेले."

"तिला ते खरं वाटतंय."

"हो ना. छानच वाटतंय तिला."

"ती शाळेत सांगेल."

"मग? त्या सरदारांचं काय तुम्ही तपासून आलात?"

तिनं टोमणा मारला नव्हता. तिला खरोखरच तसं वाटत होतं. मी खाली आले आणि त्या वाक्यावर बराच वेळ चरफडत बसले. ते सरदारही कधीतरी कुणाच्या तरी आईनं मुलाला भरवता भरवता थोडे उंच केले असतील, घोड्यावर बसवले असतील. फरक एवढाच की त्यांच्या गोष्टी आधी सांगितल्या गेल्या, आणि लिहिणारी माणसं त्यांच्या ओळखीची होती. हे मी दरवर्षी वर्गात शिकवते. राज्य उभं राहतं ते आधी गोष्टीत उभं राहतं, हे माझं आवडतं वाक्य आहे. फक्त हे माझ्याच जिन्यावर, माझ्याशिवाय घडेल असं वाटलं नव्हतं.

पूर्वज दिनाला भाची नऊवारी नेसून, डोक्यावर पुठ्ठ्याचं जातं घेऊन गेली. तिनं गोष्ट सांगितली. शेवटी ते जातं स्टेजवर ठेवलं आणि म्हणाली, "हे माझं गाव." बाईंनी केलेला व्हिडिओ पालकांच्या ग्रुपवर आला, भावानं तो नात्यातल्या ग्रुपवर टाकला, आणि दुपारपर्यंत माझ्या फोनवर तो कितीतरी जणांनी मलाच पाठवला. खाली लिहिलेलं : आपली पणजी! जयभीम आणि हात जोडलेल्या खुणा. माझ्या लेखाचा फोटो मी याच ग्रुपवर टाकला होता तेव्हा एका मामांनी अंगठा दाखवला होता.

मला वाटलं, आठवडाभरात विरेल. विरलं नाही. उलट माणसं त्यात भर घालू लागली. एका चुलत भावानं लिहिलं की घाटात पणजीला तहान लागली तेव्हा दगडाच्या खळग्यात पावसाचं पाणी साठलं होतं, ते पोरांना पाजलं. हे त्याला कुठून कळलं? कुणी विचारलंच नाही. नात्यातल्या एका मुलीला बंगळुरूला नोकरी लागली, तिनं तिथून खोलीचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "दगड ठेवला एकदाचा." सगळ्यांना ते कळलं. म्हणजे आता त्या गोष्टीतून आमची एक भाषासुद्धा तयार झाली होती.

पण मला खरा डंख बसला तो आईकडून. एका दुपारी आई आणि भावजय पापडाचं पीठ मळत बसल्या होत्या आणि मी आतल्या खोलीत पेपर तपासत होते. आई सांगत होती, "माझ्या सासूबाई म्हणायच्या, त्यांच्या सासूच्या टाळूवर केस नव्हते. तेवढी जागा गुळगुळीत होती. ओझं वाहून वाहून."

मी पेन ठेवलं आणि बाहेर आले.

"आई, हे तू मला कधीच सांगितलं नाहीस."

"काय?"

"टाळूचं. मी तुला किती वेळा विचारलं. रेकॉर्डिंग आहे माझ्याकडे. तू म्हणालीस, काही आठवत नाही."

आईनं पिठाचे हात वर धरून कोपरानं कपाळावरचे केस मागे सारले. "तेव्हा नव्हतं आठवत."

"आणि आता आठवलं?"

"आता ती बाई दिसायला लागली, म्हणून आठवलं. तू विचारायचीस तेव्हा मला परीक्षेला बसल्यासारखं व्हायचं गं. कुठल्या साली, कुठल्या गावात, कोण म्हणालं. मी घाबरून जायची."

भावजयीनं पिठाचा गोळा उचलला आणि पुन्हा मळायला घेतला. तिनं त्या वेळी एकदा जरी माझ्याकडे जिंकल्यासारखं पाहिलं असतं तर मला बरं वाटलं असतं. ती तशी नाही, हे आणखी जड जातं.

ते टाळूचं खरं होतं की नाही, मला माहीत नाही. खरं असावं. आईला असं काही रचता येत नाही. म्हणजे खोट्या गोष्टीच्या मागून एक खरी गोष्ट बाहेर आली होती, जी मला माझ्या सगळ्या काटेकोर प्रश्नांनी मिळाली नव्हती.

त्यानंतर एका रविवारी काका आले. वडिलांचे धाकटे भाऊ, बस डेपोच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, स्वारगेटच्या मागच्या बाजूला राहतात. रिक्षातून उतरले, आणि रिक्षावाला आणि ते मिळून एक जातं उतरवू लागले. जुनं दिसणारं दगडी जातं, खालचा दगड आणि वरचा, दोन्ही.

"माळ्यावर पडलं होतं आमच्या," काका म्हणाले. "म्हातारीचंच असणार."

ते बैठकीच्या खोलीत, बुद्धाच्या तसबिरीखाली ठेवलं गेलं. भाचीनं दोन्ही तळवे त्यावर टेकवले आणि डोळे मिटले. आईनं ओल्या फडक्यानं ते पुसलं. भाऊ, जो वडिलांसारखाच बोलतो, त्यानंसुद्धा त्यावरून एकदा हात फिरवला. मी वाकून पाहिलं. कडेला टाकीचे घाव ताजे होते. माळ्यावर वर्षानुवर्षं पडलेल्या दगडाच्या खाचांत धूळ असते, यात नव्हती. वडील असते तर, हा विचार माझ्या मनात आला, आणि त्यांच्या वतीनं मला प्रचंड राग आला. ज्या घरातून देव नदीत गेले, त्या घरात आता दगड आला.

काकांचं एक सांगायला हवं. त्यांच्या मुलीनं, माझ्या चुलत बहिणीनं, काही वर्षांपूर्वी एका मुसलमान मुलाशी लग्न केलं होतं. नोंदणी पद्धतीनं, काकांच्या मर्जीविरुद्ध. त्या मुलाच्या घरचे कित्येक पिढ्या पुण्यातले, कॅम्पात शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान. काकांनी मुलीशी बोलणं तोडलं होतं. आमच्यात कुणी तिचं नाव काढलं की ते "समाज काय म्हणेल" म्हणायचे आणि विषय संपायचा. ती माझी लाडकी बहीण. तिच्यासाठी मी काकांकडे किती खेपा घातल्या. धम्म काय सांगतो ते सांगितलं. कायदा सांगितला. तुम्हीच आम्हाला जात मानू नका म्हणून शिकवलंत, हेही सांगितलं. काका ऐकून घ्यायचे, चहा द्यायचे, आणि म्हणायचे, "तुझं सगळं बरोबर आहे पोरी." आणि जागचे हलायचे नाहीत.

जातं आल्यावर काका वारंवार आमच्याकडे येऊ लागले. खुर्चीवर बसून त्याकडे पाहत राहायचे. कधी भाचीकडून गोष्ट ऐकायचे. "ते, गाववाले नको म्हणतात ते सांग," म्हणायचे. भाची सांगायची : इथं नको, आणखी पुढे. तिथंही नको, आणखी पुढे. काका मान हलवायचे.

मला ते बघवेना. मी ठरवलं, यांना तरी सांगायचं. एका संध्याकाळी त्यांना बसस्टॉपपर्यंत सोडायला गेले. सिंहगड रस्त्याला नेहमीची गर्दी होती, बस येत नव्हती. मी म्हणाले, "काका, ती गोष्ट खरी नाही. वहिनीनं रचली. मुलगी रडत होती म्हणून."

काका रस्त्याकडे पाहत होते. "ते माहितीये मला."

"माहितीये?"

"म्हातारी माझी आजी. तिच्या डोक्यावर जातं असतं तर ते माझ्या बापानं मला सांगितलं नसतं? तुझी भावजय बोलघेवडी आहे, तिनं रचलं, ते पहिल्या दिवशीच कळलं."

"मग ते जातं?"

"जुन्या बाजारातून आणलं." ते एवढं सहज म्हणाले की मला हसावं की ओरडावं कळेना. "आता झालं समाधान?"

"पण का आणलंत?"

एक बस आली, त्यांची नव्हती.

"गोष्ट ऐकल्यापासून मला सारखं एकच दिसतंय," ते म्हणाले. "ती बाई दगड घेऊन येते आणि दारात उभा माणूस तिला म्हणतो, इथं नको. मी त्या माणसाचं तोंड बघायला जातो, तर ते माझं असतं." मग त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि घाम पुसला. "तू इतकं शिकलेलं बोललीस माझ्याशी. ते सगळं डोक्यात गेलं. पण असं दिसलं नव्हतं काही."

त्यांची बस आली. ते चढले. मी तिथंच उभी राहिले. त्या क्षणी मला बहिणीसाठी आनंद व्हायला हवा होता. आधी वाटला तो हेवाच. इतकी वर्षं मी ज्या दारावर डोकं आपटलं, ते दार एका थापेनं उघडलं होतं, आणि ती थाप मारणारी बाई त्या वेळी वरच्या मजल्यावर टीव्ही बघत बसली होती.

काकांनी दोन दिवसांनी मुलीला फोन केला. काय बोलले ते तिनं मला सांगितलं : "तुझ्या घरी यायचंय. येऊ का?" ती म्हणाली, मी इतकी रडले की त्यांना वाटलं, नको म्हणते आहे.

बुद्ध पौर्णिमेला सगळे आमच्याकडे जमले. इमारतीच्या हॉलमध्ये वंदना झाली, खीर वाटली. बहीण आली, नवऱ्याला आणि त्यांच्या लहानग्या मुलीला घेऊन. तिच्या सासूबाई पण आल्या होत्या. त्या हॉलच्या दारात बुजून उभ्या राहिल्या, आत यावं की नाही अशा. काका उठले, सगळ्यांसमोर त्यांच्याकडे गेले आणि म्हणाले, "या, आपलंच आहे." त्यांनी नातीला उचलून घेतलं. तिला ते कोण हे माहीत नव्हतं. ती त्यांच्या चष्म्याशी खेळायला लागली आणि काकांनी तो तिला तोडू दिला.

पंगतीत बहिणीच्या सासूबाई भावजयीच्या शेजारी बसल्या होत्या. त्या हसून म्हणाल्या, "आमच्या घरात पण अशीच एक दादी आहे. ती शिलाई मशीन डोक्यावर घेऊन आली म्हणतात. खरं की खोटं, अल्ला जाने." भावजय म्हणाली, "मग दोघी वाटेत भेटल्या असतील." सगळी पंगत हसली. आणि मी पाहिलं की समोरच्या मुलांच्या डोळ्यांत त्या दोघी भेटल्यासुद्धा. एकीच्या डोक्यावर दगड, दुसरीच्या डोक्यावर मशीन, घाटाच्या एखाद्या वळणावर. या पोरांच्या पोरांना ते तसंच घडलं होतं असं सांगितलं जाईल, आणि त्या पोरांना आपण एकमेकांचे का, हे कुणी समजावून द्यावं लागणार नाही. मी ताटातली खीर संपवली. ती भावजयीनं केली होती. चांगली झाली होती.

त्यानंतर मात्र एक झालं. नात्यातल्या म्हाताऱ्या माणसांची तोंडं उघडली. ज्यांनी मला काही सांगितलं नव्हतं ते आपणहून फोन करू लागले. कुणाला रस्त्याच्या कामावरचा मुकादम आठवला, कुणाला म्हातारीची चूल. ते सगळं खरं होतं की नाही हे मी तपासते. काही टिकतं, काही टिकत नाही. मला माझं काम परत मिळालं आहे. पण एक अट आहे, कुणी घातलेली नाही तरी आहे. माणसं बोलतात ती भावजय बरोबर असली तर. मी एकटी गेले तर चहा मिळतो.

म्हणून सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघी माझ्या स्कूटरवर निघतो. मी चालवते, ती मागे बसून माझ्या कानाशी सतत बोलत असते, आणि सिग्नलला शेजारचा दुचाकीवाला पण ऐकून हसतो. परवा हडपसरकडे वडिलांच्या एका मावसबहिणीकडे गेलो होतो. बरीच म्हातारी, पलंगावर उशांना टेकून बसलेली. मी ओळख करून दिली, मी कोण, कुणाची मुलगी, कशासाठी आले. तिनं मान हलवली. मग माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं.

"तू ती का गं? जात्यावाली?"

"हो आत्याबाई," भावजय म्हणाली.

"मग तू बस इथं जवळ," म्हातारी म्हणाली आणि पलंगावर हातानं जागा दाखवली. मी भिंतीकडची प्लास्टिकची खुर्ची ओढली आणि त्यावर बसले. म्हातारी बोलायला लागली. आवाज बारीक होता, मला नीट ऐकू येत नव्हतं, म्हणून मी खुर्ची आणखी पुढे सरकवली.